वूफर आधी, ॲम्प नंतर: गाडीतल्या बेसची पॉवर कशी जुळवावी

सांगलीत शंभर फुटी रस्त्याला किंवा मिरज रोडला गाडीत बेस बसवायला आलेला माणूस बहुतेक वेळा ॲम्पवरचा (स्टिरिओचा सिग्नल मोठा करून वूफरला पॉवर देणारा ॲम्प्लिफायर) मोठा आकडा बघूनच सौदा करतो. दोन हजार वॉटचा ॲम्प, चौदाशे वॉटचा वूफर (खोल बेसचा मोठा स्पीकर), दोन्ही एकाच दिवशी बसतात आणि थोड्याच दिवसांत वूफरची कॉइल (आतलं तारेचं वेटोळं) जळते. मग कुणी म्हणतं ॲम्प जास्त झाला, कुणी म्हणतं कमी पडला. खोक्यावरच्या त्या दोन आकड्यांवरून यातलं काहीच सांगता येत नाही. वूफरपर्यंत किती पॉवर पोचणार हे चार गोष्टींवर ठरतं: वूफर खरोखर किती सोसतो, ॲम्पला किती ओहम (वूफरचा विजेला होणारा विरोध) दिसतात, बॅटरीकडून किती करंट येतो आणि गेन (ॲम्पवरचा सिग्नल जुळवायचा स्क्रू) कुठे ठेवला आहे. हे चारही हिशेब दुकानात पाऊल टाकायच्या आधी घरी कागदावर होतात. शाळेतलं वर्गमूळ आठवत असलं आणि हाताशी एक साधा डिजिटल मीटर असला की पुरे.

खाली एकच उदाहरण बहुतेक ठिकाणी चालवलं आहे: स्विफ्टसारखी छोटी गाडी, डिकीत बारा इंची एक वूफर, ३०० वॉट आरएमएस, त्यात दोन कॉइल आणि प्रत्येक कॉइल ४ ओहमची. तुमच्या वूफरचे आकडे वेगळे असतील. ते त्या जागी घाला, रीत तीच राहते.

पहिलं काम: खरा आकडा शोधा

खोक्यावर ठळक अक्षरांत छापलेला आकडा पीक किंवा मॅक्स पॉवरचा असतो. क्षणभर एखादा ठोका बसला तर वूफर किती सोसेल, एवढंच तो सांगतो, आणि तोही कंपनीने आपल्या सोयीने मोजलेला असतो. जुळणीसाठी लागतो तो आरएमएस आकडा, म्हणजे वूफर न तापता सतत किती वॉट पेलू शकतो तो. खोक्याच्या बाजूला बारीक अक्षरांत, माहितीपत्रकात किंवा चुंबकावरच्या स्टिकरवर तो सापडतो. समोर १४०० आणि स्टिकरवर ३५० असं असलं तर तुमचा वूफर ३५० वॉटचा आहे. आरएमएस कुठेच लिहिलेला नसेल तर तो वूफर घेऊ नका. जी कंपनी हा आकडा छापत नाही, तिच्या मालाला कुठलाही ॲम्प नीट जुळवता येत नाही.

ॲम्पचंही तसंच, फक्त तिथे एक जादा अट आहे. ॲम्पचा आरएमएस आकडा ओहमशिवाय अर्धवट असतो. ‘५०० वॉट आरएमएस’ एवढ्यावर थांबू नका, किती ओहमला ते विचारा. एकाच मोनोब्लॉक (एकाच चॅनलच्या) ॲम्पच्या कागदावर ४ ओहमला २००, २ ओहमला ३५० आणि १ ओहमला ५०० असे तीन आकडे असू शकतात. तिन्ही खरे असतात, पण तुमच्या कामाचा त्यातला एकच.

कागदावर सीईए-२००६ किंवा सीटीए-२००६ (पॉवर मोजायची ठरलेली पद्धत) असं लिहिलेलं दिसलं तर आकड्यावर भरवसा ठेवायला हरकत नाही. त्या पद्धतीत ॲम्पला १४.४ व्होल्ट देऊन, आवाजातली विकृती एक टक्क्याच्या आत ठेवून पॉवर मोजतात. मात्र १४.४ व्होल्ट तुमच्या गाडीत कायम मिळत नाहीत. इंजिन बंद असताना बॅटरी १२.६ च्या आसपास असते, आणि साध्या ॲम्पची पॉवर व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात उतरते. १४.४ ला ३५० वॉट देणारा ॲम्प १२.६ ला जेमतेम २७० देतो.

दुकानात उभ्या उभ्या करता येणारी आणखी एक तपासणी ॲम्पच्या फ्यूजची. ॲम्पवरच्या सगळ्या फ्यूजची बेरीज करा, तिला १३.८ ने गुणा, आणि ॲम्प क्लास डी (कमी वीज वाया घालवणारा प्रकार) असेल तर त्याचे ८० टक्के घ्या. क्लास एबी (जास्त तापणारा प्रकार) असेल तर ५५ टक्के धरा. ‘२००० वॉट’ लिहिलेल्या क्लास डी ॲम्पवर ३० अँपिअरचा एकच फ्यूज असेल तर ३० गुणिले १३.८ गुणिले ०.८, म्हणजे सुमारे ३३० वॉट. त्याहून जास्त पॉवर तो सतत देऊच शकत नाही, कारण तेवढा करंटच त्याच्यात शिरत नाही. विक्रेत्याशी हुज्जत घालायची गरज नाही, फ्यूज बघा आणि ठरवा.

दुसरं काम: ओहम ठरवा, मग ॲम्प

या भागाला सगळ्यात जास्त वेळ द्या. चुका इथेच होतात आणि महागात पडतात.

एकाच कॉइलचा ४ ओहमचा वूफर असेल तर प्रश्नच नाही, ॲम्पला ४ ओहम दिसणार. दोन कॉइल असतील तर त्या कशा जोडता यावर सगळं अवलंबून आहे. दोन्ही कॉइलचे प्लस एकत्र आणि मायनस एकत्र केले की पॅरलल जोडणी होते आणि ओहम निम्मे होतात: ४ आणि ४ चे २. एका कॉइलचा मायनस दुसऱ्या कॉइलच्या प्लसला जोडला आणि उरलेली दोन टोकं ॲम्पला नेली की सिरीज जोडणी होते आणि बेरीज होते: ४ आणि ४ चे ८. आपल्या उदाहरणातल्या वूफरकडे म्हणजे २ किंवा ८ असे दोनच पर्याय आहेत. ४ मिळवता येत नाहीत. एकच कॉइल जोडून दुसरी मोकळी सोडली तर ४ दिसतील खरे, पण मग निम्मीच कॉइल सगळी उष्णता सोसते आणि वूफरची कुवतही निम्मी होते. तसं करू नका.

कार ॲम्प ८ ओहमला फारच कमी पॉवर देतो, म्हणून आपण २ ओहम धरू. ॲम्प घेताना प्रश्न एवढाच: २ ओहमला ३०० ते ३७५ वॉट आरएमएस देणारा मोनोब्लॉक कुठला? वर सांगितलेला २ ओहमला ३५० वॉटचा ॲम्प इथे चपखल बसतो.

वूफरच्या आरएमएसच्या बरोबरीपासून सव्वापटीपर्यंतचा ॲम्प घ्यावा, असं माझं स्पष्ट मत आहे. ॲम्पला थोडी मोकळीक राहिली की मोठ्या ठोक्यावर तो आपल्या टोकाला पोचत नाही, लाट कापली जात नाही (आवाजाच्या लाटेची टोकं सपाट होत नाहीत), तापणंही कमी. दुप्पट ताकदीचा ॲम्प घ्यायची मात्र गरज नाही. तो चालत नाही असं नाही, पण मग सगळी भिस्त गेन किती शिस्तीने ठेवता यावर येते, आणि गाडी घरातल्या चार जणांच्या हातात असेल तर ती शिस्त टिकत नाही.

दोन वूफर लावायचे असतील तर आधी मांडणी काढा, मग खरेदी करा. बोलेरो किंवा स्कॉर्पिओत मागे दोन बारा इंची लावतात तेव्हा साधारण तीन प्रकार समोर येतात. एका कॉइलचे ४ ओहमचे दोन वूफर पॅरललमध्ये २ ओहम होतात. प्रत्येकी २५० वॉटचे असतील तर २ ओहमला ५०० ते ६०० वॉटचा एक मोनोब्लॉक पुरेल, दोघांत पॉवर समान वाटली जाईल. ४-४ ओहमच्या दोन कॉइलचे दोन वूफर असतील तर सगळं पॅरलल केल्यावर १ ओहम होतो, तो सोसणारा ॲम्प लागतो. नाहीतर प्रत्येक वूफरच्या कॉइल सिरीजमध्ये आणि ते दोन वूफर पॅरललमध्ये जोडा, मग ४ ओहम होतात. २-२ ओहमच्या दोन कॉइलचे दोन वूफर मात्र सगळे पॅरलल केले तर अर्धा ओहम होतो. बाजारात मिळणारे बहुतेक ॲम्प १ ओहमच्या खाली टिकत नाहीत, आधी प्रोटेक्शनचा दिवा लागतो आणि हट्टाने चालवलं तर आतले पार्ट जातात. तिथे प्रत्येक वूफर सिरीजमध्ये आणि दोघे पॅरललमध्ये घ्या, २ ओहम मिळतील. वेगवेगळ्या ओहमचे किंवा वेगवेगळ्या मॉडेलचे दोन वूफर एका ॲम्पवर कधीच लावू नका, पॉवर समान वाटली जात नाही आणि एक आधी मरतो.

जोडून झालं की ॲम्पला लावायच्या आधी त्या दोन टोकांवर मीटर ओहमवर ठेवून बघा. मीटर डीसी रेझिस्टन्स दाखवतो, तो छापील ओहमपेक्षा थोडा कमी येतो. ४ ओहमची कॉइल ३.२ ते ३.७ दाखवते, २ ओहमची जोडणी १.६ ते १.९ च्या दरम्यान. साध्या मीटरच्या तारांचाच ०.२-०.३ ओहम असतो, म्हणून आधी दोन्ही टोकं एकमेकांना लावून तो आकडा बघा आणि वजा करा. अपेक्षेपेक्षा निम्मा किंवा दुप्पट आकडा आला तर जोडणी चुकली आहे. ॲम्प चालू करायच्या आधी ती शोधा.

घरात फोर चॅनल ॲम्प आधीच असेल आणि त्याचे दोन चॅनल ब्रिज करून (एकत्र जोडून एकच चॅनल करून) वूफर चालवायचा विचार असेल तर एक लक्षात ठेवा: ब्रिजमध्ये प्रत्येक चॅनलला वूफरचे निम्मेच ओहम दिसतात. म्हणून बहुतेक ॲम्पवर ब्रिजला किमान ४ ओहम असं लिहिलेलं असतं. आपला २ ओहमवाला वूफर तिथे चालणार नाही.

खोका

मिरजेच्या सतार-तंबोऱ्यांना २०२४ साली भौगोलिक मानांकन मिळालं. तिथले कारागीर भोपळा निवडण्यात किती वेळ घालवतात ते बघितलं तर वूफरचा खोका (वूफर ज्यात बसवतात ती पेटी) कसा निवडावा हे वेगळं सांगावं लागत नाही. तार तीच असली तरी भोपळा बदलला की नाद बदलतो. वूफरचंही अगदी तसंच आहे, आणि पॉवरच्या हिशेबाशी याचा थेट संबंध येतो.

बंद खोक्यात आतली हवा कोनला (वूफरच्या पुढच्या हलणाऱ्या पडद्याला) मागून धरून ठेवते, म्हणून वूफर आपली पूर्ण आरएमएस पॉवर बहुतेक निर्धोकपणे घेतो. पोर्टवाला (हवा जायला नळी किंवा फट ठेवलेला) खोका त्याच पॉवरमध्ये जास्त आवाज देतो, पण पोर्ट ज्या फ्रिक्वेन्सीला ट्यून केला आहे तिच्या खाली कोनला कसलाच आधार राहत नाही. तिथे निम्म्या पॉवरमध्येही कोन मर्यादेबाहेर हलतो आणि कॉइल मागच्या लोखंडावर आपटते. खोका पोर्टवाला असेल तर ॲम्पवर सबसॉनिक फिल्टर (ठरावीक फ्रिक्वेन्सीच्या खालचा आवाज अडवणारा) हवाच. पोर्ट ३५ हर्ट्झला ट्यून असेल तर फिल्टर २८ ते ३० वर ठेवा. तबल्याचा डग्गा, ढोलकी, नाट्यसंगीत असं ऐकणाऱ्याला इतक्या खालच्या आवाजाची गरजच पडत नाही. डीजे मिक्सचा बेस मात्र ३०-४० हर्ट्झपर्यंत उतरतो, आणि वूफर फुटतात ते बहुधा अशाच गाण्यांवर.

खोक्याचं माप वूफरच्या माहितीपत्रकात असतं. तयार खोका ‘बारा इंचीचा’ एवढ्यावर घेऊ नका, आतलं माप किती लिटर आहे ते विचारा. १८ एमएमचा एमडीएफ चांगला, फक्त पावसाळ्यात डिकीत ओल शिरत असेल तर तो फुगतो. कडा आतून-बाहेरून सील करून घ्या.

तिसरं काम: बॅटरीपासून ॲम्पपर्यंत

ॲम्प पॉवर तयार करत नाही, बॅटरी आणि अल्टरनेटरकडून आलेल्या पॉवरला आकार देतो. ३०० वॉट बाहेर काढायचे तर क्लास डी ॲम्पला साधारण ३७५ वॉट आत लागतात. १३.५ व्होल्टला ते झाले २८ अँपिअर. दोन वूफरच्या ५०० वॉटसाठी ४६ अँपिअर. क्लास एबी ॲम्प असेल तर याच कामाला दीडपट करंट लागतो आणि जादा सगळा उष्णतेत जातो. म्हणून वूफरसाठी क्लास डीच घ्या, विशेषतः आपल्याकडच्या एप्रिल-मेमध्ये, जेव्हा उन्हात लावलेल्या गाडीची डिकी आधीच तापलेली असते.

गाण्यात ठोके मधूनमधून येतात, त्यामुळे सरासरी खेच वरच्या आकड्याच्या तिसऱ्या हिश्शाच्या आसपास राहते. छोट्या गाडीची मूळची बॅटरी आणि अल्टरनेटर ३०० वॉट आरामात पेलतात, ५०० ला अजून जमतं. त्यापुढे जायचं असेल तर एसी, हेडलाइट, वायपर आणि बेस एकत्र चालू असताना हेडलाइट ठोक्यागणिक मंद होतात का ते बघा. होत असतील तर व्होल्टेज कोसळतंय, आणि व्होल्टेज कोसळलं की ॲम्प लवकर लाट कापतो. कपॅसिटर लावून हे झाकलं जातं, सुटत नाही. आधी वायर आणि अर्थिंग (ॲम्पच्या मायनसची गाडीच्या बॉडीशी जोड) तपासा.

वायर शुद्ध तांब्याची घ्या. बाजारातल्या स्वस्त वायरिंग किटमध्ये अॅल्युमिनिअमवर तांब्याचा मुलामा दिलेली वायर असते, तिचा विरोध तांब्याच्या दीडपटीहून थोडा जास्त असतो. एक तार ब्लेडने खरवडा, आत पांढरी निघाली तर ती अॅल्युमिनिअमची. बोनेटपासून डिकीपर्यंत साधारण पाच मीटर वायर लागते. ८ गेजची तांब्याची वायर, म्हणजे साधारण ८.४ चौरस एमएम, २८ अँपिअरला ०.३ व्होल्ट पाडते. एका वूफरला ती चालते. ४६ अँपिअरला हाच आकडा अर्ध्या व्होल्टच्या जवळ जातो, म्हणून दोन वूफरसाठी ४ गेज घ्या. ती २१ चौरस एमएमची असते आणि तेवढ्याच करंटला ०.२ व्होल्टही पाडत नाही. पुढे दुसरा वूफर लावायचा विचार मनात असेल तर आताच ४ गेज टाका. ट्रिम दोनदा उघडणं गाडीला चांगलं नाही.

मेन फ्यूज बॅटरीपासून दीड फुटाच्या आत हवा. हा फ्यूज ॲम्पसाठी नसून वायरसाठी आहे. फायरवॉलच्या (इंजिन आणि केबिन यांच्यामधल्या) पत्र्याला घासून वायरचं आवरण गेलं तर बॅटरीचा सगळा करंट बॉडीतून वाहतो आणि गाडी पेट घेते, ते हा फ्यूज थांबवतो. ८ गेजला ४० किंवा ५० अँपिअर, ४ गेजला ६० ते ८० पुरे. त्या पत्र्याच्या भोकात रबरी ग्रोमेट (कडेवरचं रबरी कडं) असल्याशिवाय वायर आत घेऊ नका. कामाला हात घालायच्या आधी बॅटरीचा मायनस काढा, शेवटी लावा.

अर्थिंगची वायर प्लसइतकीच जाड आणि हातभराहून कमी लांब ठेवा. बोल्टखालचा रंग चकचकीत पत्रा दिसेपर्यंत खरवडा, रिंग लग नीट क्रिंप करा, घट्ट आवळा आणि वरून रंग किंवा ग्रीस लावा. तसं न केल्यास दोन पावसाळ्यांत तिथे गंज धरतो. सीटबेल्टचा बोल्ट अर्थिंगला वापरू नका. नव्या गाड्यांत बॅटरीच्या मायनसवर सेन्सर असतो, तिथे ॲम्पची अर्थिंग थेट बॅटरीच्या मायनसला न देता बॉडीलाच द्या.

डिकीत सीएनजीची टाकी असेल तर स्क्रू मारायच्या आधी पत्र्याच्या पलीकडे काय आहे ते खाली वाकून बघा. टाकीच्या पट्ट्याला किंवा पाइपच्या क्लॅम्पला अर्थिंग कधीही नको. अशा गाडीत डिकीची जागाही जाते, मग सीटखालचा ॲम्पसकट येणारा चपटा सब घेतलेला बरा. त्यात पॉवरची जुळणी कंपनीनेच केलेली असते, तुमचं काम वायर, फ्यूज आणि गेनपुरतं उरतं.

चौथं काम: मीटर लावून गेन

गेनचा स्क्रू म्हणजे आवाजाचं बटण, असं समजून तो कानाने फिरवला जातो. स्टिरिओकडून येणाऱ्या सिग्नलला ॲम्पशी जुळवून घेणं एवढंच त्याचं काम आहे. तो निम्म्यावर असला तरी ॲम्प पूर्ण पॉवर देऊ शकतो, आणि शेवटपर्यंत फिरवला तरी ॲम्पची ताकद वाढत नाही, फक्त लाट कापली जाते. ही कापलेली लाट वूफरचा खरा शत्रू आहे. पूर्ण चौकोनी झालेल्या लाटेत त्याच उंचीच्या गोल लाटेच्या दुप्पट पॉवर असते. ३०० वॉटचा ॲम्प बेताल गेनवर सहाशेच्या जवळ जातो. छोट्या ॲम्पने वूफर जळाला असं म्हणतात, ते इथून येतं. कमी पॉवरने वूफरला काहीही होत नाही, नाहीतर हळू आवाजात गाणं ऐकणाऱ्या प्रत्येकाचा वूफर जळाला असता.

आधी आकडा काढा. वॉटला ओहमने गुणा आणि वर्गमूळ घ्या. वॉट कुठले घ्यायचे? वूफरचा आरएमएस आणि ॲम्पचा त्या ओहमचा आरएमएस, यातला जो लहान तो. आपल्याकडे वूफर ३००, ॲम्प ३५०, म्हणून ३००. ३०० गुणिले २ म्हणजे ६००, त्याचं वर्गमूळ २४.५ व्होल्ट. दोन वूफरच्या उदाहरणात ५०० गुणिले २, म्हणजे १०००, त्याचं वर्गमूळ ३१.६.

आता ५० हर्ट्झच्या टोनची फाइल पेन ड्राइव्हवर घ्या, पूर्ण लेव्हलची, म्हणजे ० डेसिबलची. पन्नास मुद्दाम निवडलेत: स्वस्त मीटरसुद्धा घरातल्या विजेसाठी, म्हणजे ५० हर्ट्झसाठी बनवलेले असतात, त्यामुळे या टोनवर ते विश्वासाने मोजतात. वूफरच्या वायरी ॲम्पवरून काढून बाजूला करा. स्टिरिओतला बेस, लाउडनेस, इक्वलायझर सगळं शून्यावर. ॲम्पचा बास बूस्ट बंद. लो-पास (वरचे आवाज अडवणारा फिल्टर) तात्पुरता शेवटपर्यंत उघडा, सबसॉनिक सगळ्यात खाली. डॅशबोर्डवर बासची नॉब असेल तर ती पूर्ण वर ठेवा, नाहीतर नंतर कुणीतरी ती वर करेल आणि सगळा हिशेब बिघडेल. गेन शून्यावर आणा. गाडी मोकळ्या जागेत उभी करून इंजिन चालू करा.

मीटर एसी व्होल्टच्या २०० च्या रेंजवर ठेवा, त्याच्या पिना ॲम्पच्या स्पीकर टर्मिनलला लावा. टोन चालू करा आणि स्टिरिओचा आवाज तीन चतुर्थांशापर्यंत न्या, ४० पैकी ३० असं. आता छोट्या स्क्रूड्रायव्हरने गेन अगदी सावकाश फिरवा. सुरुवातीला मीटर ३, ५, ८ असा हळूहळू चढतो, आणि वीसच्या पुढे केसभर फिरवलं तरी आकडा उडी मारतो. २४.५ वर थांबा. पुढे गेलात तर मागे या आणि पुन्हा खालून वर चढवा. टोन बंद, इंजिन बंद, मग वूफर जोडा. त्या आवाजाच्या आकड्यावर, आपल्या उदाहरणात ३० वर, खूण करून ठेवा. तुमची गाडी त्याच्या वर कधीच न्यायची नाही, हे घरातल्या सगळ्यांना सांगा.

गेन पूर्ण फिरवूनही २४.५ येत नसेल तर स्टिरिओचा सिग्नल अशक्त आहे. कंपनीच्या स्टिरिओवरून हाय-लेव्हल इनपुट (स्पीकरच्या वायरींवरून सिग्नल) घेतला असेल तर बहुधा हा त्रास होत नाही. त्या स्टिरिओची वायर कापून जोड देऊ नका, मॉडेलचा कपलर (तयार जोड) मिळतो तो वापरा. वायरिंग कापलेल्या गाडीला वॉरंटीत अडचण येऊ शकते.

आता फिल्टर जागेवर आणा. लो-पास ८० हर्ट्झ, सबसॉनिक खोक्याप्रमाणे. बास बूस्ट शून्यावरच राहू द्या. ६ डेसिबलचा बूस्ट म्हणजे त्या फ्रिक्वेन्सीला चौपट पॉवर मागणं, १२ डेसिबलला सोळापट. आत्ताच मोजून ठेवलेले २४.५ व्होल्ट मग कुठल्या कुठे जातात.

बेस कमी वाटला तर

लगेच मोठा ॲम्प आणायला धावू नका. दुप्पट पॉवरने फक्त ३ डेसिबल वाढतात, आणि कानाला आवाज दुप्पट वाटायला साधारण दहापट पॉवर लागते. ३०० वरून ४०० वॉटवर गेलात तर वाढ सव्वा डेसिबलची, ती कळणारही नाही. आधी पोलॅरिटी बघा. दीड व्होल्टचा सेल वूफरच्या प्लस-मायनसला क्षणभर लावा, कोन बाहेर आला पाहिजे. दोन वूफरपैकी एक उलटा जोडलेला असला की एक बाहेर ढकलतो, दुसरा आत ओढतो आणि बेस नाहीसा होतो. मग ॲम्पवरचा फेजचा (वूफरचं आत-बाहेर हलणं उलटं करणारा) खटका दोन्हीकडे करून ड्रायव्हरच्या जागेवर बसून ऐका. वूफरचं तोंड मागच्या दाराकडे फिरवून बघा, छोट्या गाडीत याने मोठा फरक पडतो. नंबर प्लेट, मागचा पार्सल ट्रे आणि डिकीचं कुलूप खडखडत असेल तर त्याखाली फोमची पट्टी लावा, बेस लगेच स्वच्छ वाटू लागतो.

आवाज किती वाढवायचा यालाही सीमा आहे. ८५ डेसिबलला आठ तास ही कानाची धरलेली मर्यादा, आणि दर ३ डेसिबलला वेळ निम्मा होतो. १०० डेसिबलला पंधरा मिनिटंच उरतात, आणि बंद गाडीत एक बारा इंची वूफर हा आकडा सहज ओलांडतो. बाहेरच्यांसाठी २००० सालचे ध्वनिप्रदूषणाचे नियम आहेत, निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री दहानंतर ४५ डेसिबल. विश्रामबागेत रात्री अकरा वाजता काचा खाली करून हिंडणाऱ्याला हा आकडा पाळता येत नाही, आणि शेजारच्या घरात झोपलेल्या म्हाताऱ्या माणसाच्या छातीत तो ठोका बसतो.

जुना ॲम्प घेत असाल तर

सांगलीत जुन्या मालाबद्दल एक गोष्ट आवर्जून बघावी लागते. २०१९ आणि २०२१ च्या पुरात कितीतरी गाड्या पाण्यात गेल्या, आणि अशा गाड्यांतलं सामान पुसून-सुकवून विकलं जाऊ शकतं. ॲम्पची तळाची प्लेट उघडून बघितल्याशिवाय पैसे देऊ नका. बोर्डवर पांढरी-हिरवी पूड, कोपऱ्यात वाळलेल्या गाळाची रेघ, गंजलेले स्क्रू किंवा माथ्यावर फुगलेला कपॅसिटर दिसला तर तो ॲम्प आज वाजला तरी भरवशाचा नाही. विकणारा प्लेट उघडू देत नसेल तर सरळ दुसरीकडे जा. जुन्या वूफरला दोन्ही हातांच्या बोटांनी कडेकडेने समान दाब देऊन आत ढकला. खरखर ऐकू आली तर कॉइल तापून वाकली आहे. नाक जवळ नेऊन वासही घ्या, जळक्या वार्निशचा वास लवकर जात नाही.

बसवून झाल्यावर

पहिल्या दिवशी नेहमीच्या गाण्यांवर अर्धा तास गाडी चालवा आणि थांबून ॲम्पला हात लावा. कोमट असेल तर ठीक. हात ठेवता येत नसेल तर ओहम पुन्हा मोजा, गेन पुन्हा बघा आणि ॲम्पभोवती चार बोटं मोकळी जागा आहे का ते पाहा. खोक्याच्या वर उलटा टांगलेला किंवा गालिच्याखाली दडपलेला ॲम्प हटकून तापतो. मग इंजिन चालू ठेवून, मोठ्या आवाजात, मीटर डीसीवर लावून बॅटरीवरचे आणि ॲम्पच्या टर्मिनलवरचे व्होल्ट मोजा. फरक अर्ध्या व्होल्टच्या आत हवा. जास्त असेल तर ॲम्पचा अर्थिंग टर्मिनल आणि बॅटरीचा मायनस यांच्यामधले व्होल्ट वेगळे मोजा, ०.२ च्या वर आले तर दोष अर्थिंगच्या बोल्टात आहे.

आठ-पंधरा दिवसांनी बॅटरीचं टर्मिनल, फ्यूज होल्डर, अर्थिंगचा बोल्ट आणि ॲम्पचे स्क्रू एकदा आवळून घ्या. आपल्या रस्त्यांवर ते थोडे सैल होतातच, आणि सैल स्क्रूखाली जाड वायर वितळते. तासगाव-विट्याकडे किंवा कच्च्या रस्त्याने शेतावर रोज जाणं असेल तर दर दोन-तीन महिन्यांनी हे करा, आणि त्याच वेळी वूफरचे खोक्यातले स्क्रूही बघा.